धबधब्याचे पाणी वर चढत नाही

जव्हारपासून सुमारे वीस किलोमीटरवर दाभोसा हे गाव आहे. तेथे लेंडी नदीचे पाणी सुमारे तीनशे फूट खोल कोसळते. पावसाळ्यात त्याचा आवाज लांबवर ऐकू येतो, आणि कड्याच्या काठावर उभे राहिले तर तुषारांनी अंग भिजते. ह्या धबधब्याकडे थोडा वेळ पाहत राहिले, की एक साधी गोष्ट ध्यानात येते. कड्यावरून एकदा खाली आलेला थेंब पुन्हा त्या वाटेने वर जात नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? नवल असे, की संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, तयार करण्याच्या एका पद्धतीला 'धबधबा पद्धत' असेच नाव आहे. त्या पद्धतीतही काम एकदा खालच्या पायरीवर आले, की वर नेणे फार कठीण होते. ही अडचण ओळखून पुढे दुसरी एक पद्धत रूढ झाली. तिला 'ॲजाइल', म्हणजे चपळ पद्धत म्हणतात. काम करता करता बदल कसा स्वीकारायचा, तो कसा मोजायचा आणि सर्वांना कसा कळवायचा, हे ती शिकवते. आज आपण तिचा अभ्यास करू. त्यासाठी संगणक जवळ असण्याची गरज नाही. कागद, पेन्सिल आणि साधा गुणाकार-भागाकार पुरेसा आहे.

पायरीपायरीने खाली

आज्ञावली तयार करण्याची सरळ रीत अशी वाटते : आधी काय हवे ते पूर्ण लिहून काढा. मग आराखडा करा. मग आज्ञा लिहा. मग चाचणी घ्या. शेवटी ज्याला हवी त्याच्या हाती द्या. घर बांधताना आपण असेच करतो.

१९७० साली विन्स्टन रॉइस ह्या अमेरिकन अभियंत्याने एका निबंधात ह्या रीतीची आकृती काढली. तीत सात चौकटी जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे एकीखाली एक होत्या. 'धबधबा' हा शब्द त्यांनी वापरला नव्हता. तो पुढे १९७६ च्या सुमारास वापरात आला. गंमत म्हणजे, अशा सरळ उतरत्या रीतीने काम केले तर ते फसण्याचा धोका मोठा आहे, असे रॉइस यांनी त्याच निबंधात बजावले होते. आकृती सर्वांनी उचलली, इशारा मात्र थोड्यांनीच वाचला!

धोका कोणता? चूक पहिल्या पायरीवर झाली आणि सापडली शेवटच्या पायरीवर, तर मधले सारे काम पुन्हा करावे लागते. बॅरी बोएम ह्या शास्त्रज्ञाने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्याचा हिशेब मांडला. मोठ्या प्रकल्पात आरंभीच दुरुस्त झाली असती अशी चूक काम वापरात आल्यावर दुरुस्त करायची, तर खर्च शंभरपटीपर्यंत जाऊ शकतो, असे त्यांनी दाखवले. शिवणकामातही हेच आहे. माप चुकल्याचे कापड कापण्याआधी कळले, तर खडूची रेघ पुसली की झाले. सदरा शिवून झाल्यावर कळले, तर कापडही गेले आणि श्रमही गेले.

शेतकऱ्याची योजना

आता जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातील भातशेती पाहा. शेतकरी राब भाजून ठेवतो, रोपे तयार करतो आणि मग आवणी करतो. त्याची योजना असतेच. पण पाऊस आठ दिवस लांबला तर तो आवणी पुढे ढकलतो. उताराच्या, पाणी लवकर ओसरणाऱ्या जमिनीत लवकर तयार होणारे हळवे भात लावतो. सखल, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरात उशिरा तयार होणारे गरवे भात लावतो. मधल्या जमिनीत निमगरवे. वरकस उतारावर नाचणी आणि वरई असतात. सारे बियाणे एकाच प्रकारचे, एकाच दिवशी आणि एकाच जागी तो लावत नाही.

त्याने योजना सोडली आहे काय? मुळीच नाही. तो योजना रोज आकाशाकडे पाहून तपासतो. पाऊस नेमका किती आणि केव्हा पडेल हे जूनच्या पहिल्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते, म्हणून त्याने योजना लहान लहान तुकड्यांत वाटली आहे.

२००१ सालच्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या थंड ठिकाणी सतरा सॉफ्टवेअरतज्ज्ञ जमले. त्यांनी एक छोटे निवेदन तयार केले. त्याचा भावार्थ असा : नियम आणि साधने यांच्यापेक्षा माणसे आणि त्यांचे बोलणे मोलाचे, जाडजूड कागदपत्रांपेक्षा प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली मोलाची, करारावरून घासाघीस करण्यापेक्षा वापरणाऱ्याबरोबर मिळून काम करणे मोलाचे, आणि ठरल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे मोलाचे. कागदपत्रे आणि योजना निरुपयोगी आहेत असे त्यांनी म्हटले नाही, हे नीट लक्षात ठेवा. पारडे कोणत्या बाजूला झुकवावे, एवढेच त्यांनी सांगितले.

एका अंगणवाडीचा प्रश्न

आता एक खरा प्रश्न घेऊ. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणामुळे बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. ज्या कामात बालकांच्या जिवाचा प्रश्न असतो, तेथे मोजमाप वेळेवर होणे आणि ते योग्य माणसाला वेळेवर कळणे किती महत्त्वाचे असते, हे निराळे सांगायला नको.

अंगणवाडीत दर महिन्याला बालकाचे वजन करतात आणि वाढीच्या तक्त्यावर टिंब देतात. आडव्या रेषेवर वय, उभ्या रेषेवर वजन. डेव्हिड मोर्ले ह्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने नायजेरियातील खेड्यात काम करताना असा तक्ता विकसित केला, आणि पुढे तो जगभर पसरला. त्याची खुबी अशी, की एकट्या टिंबापेक्षा टिंबे जोडणारी रेषा अधिक बोलते. 'बाळाचे वजन ९ किलो' एवढ्याने फारसा उलगडा होत नाही. पण मागच्या तीन महिन्यांची वजने ९, ९ आणि ८.९ किलो अशी असतील तर? रेषा आडवी होऊन खाली वळली आहे. बाळ आजारी दिसण्याआधीच रेषेने इशारा दिला.

अंगणवाडीच्या नोंदी पुढे वहीतून मोबाइलवर आल्या. १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारने 'पोषण ट्रॅकर' हे ॲप सुरू केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अनेक अंगणवाडी सेविकांनी त्यांना दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाइलची स्मृती अपुरी पडते, तो अडकतो, आणि ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. पुढे ते ॲप मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले.

ह्यातून आपण काय शिकायचे? ॲप करणारे हुशार नव्हते किंवा सेविकांना नवे काही नको होते, असा अर्थ काढणे चूक ठरेल. शिकण्याचा मुद्दा असा : ज्याला वस्तू वापरायची आहे त्याच्या हातात ती किती लवकर जाते, आणि त्याचे म्हणणे करणाऱ्याच्या कानापर्यंत किती दिवसांत पोहोचते, यावर तिचे यश अवलंबून असते. ही वाट जितकी आखूड, तितका बदल स्वस्त.

कामांची यादी आणि गुण

आता आपण कागदावर एक प्रकल्प करू. समजा, दाभोसा परिसरातील एका आश्रमशाळेत नववीच्या सहा मुलामुलींनी ठरवले, की गावच्या अंगणवाडीतील ताईंसाठी वजने नोंदवण्याची एक छोटी आज्ञावली तयार करायची. आरंभ जूनच्या मध्यावर. दर दोन आठवड्यांची एक 'फेरी'. दिवाळीच्या सुट्टीआधी आठ फेऱ्या मिळतात.

पहिले काम म्हणजे यादी करणे. यादी आज्ञावलीच्या भाषेत करायची नाही, वापरणाऱ्याच्या गरजेच्या भाषेत करायची. 'विदासंच रचणे' असे लिहू नका. 'ताईंना बाळाचे नाव, जन्मतारीख आणि वजन नोंदवता यावे' असे लिहा. मग पुढचे : 'मागील महिन्यांची वजने रेषेने दिसावीत.' 'वजन घटले तर लाल खूण दिसावी.' 'महिन्याचा तक्ता छापता यावा.' मुलांनी हौसेने आणखी एक लिहिले : 'पहिल्या पानावर धबधब्याचे हलते चित्र असावे.'

दुसरे काम, प्रत्येक गरजेला किती श्रम पडतील याचा अंदाज. माणसाला तास सांगणे जमत नाही, पण तुलना चांगली जमते. समोरच्या भांड्यात किती लिटर पाणी मावेल हे चटकन सांगता येत नाही. पण हंडा कळशीपेक्षा मोठा आणि कळशी तांब्यापेक्षा मोठी, हे लहान मूलही सांगते. म्हणून सर्वांत सोप्या कामाला १ गुण द्यायचा आणि बाकीच्यांची त्याच्याशी तुलना करायची. ह्या गुणांचा परीक्षेच्या गुणांशी संबंध नाही. हे केवळ श्रमाचे माप आहे.

गुण देताना १, २, ३, ५, ८, १३ एवढेच आकडे वापरण्याची चाल आहे. प्रत्येक आकडा मागच्या दोघांची बेरीज आहे. हीच मालिका आपल्याकडे आचार्य हेमचंद्र यांनी बाराव्या शतकात छंदशास्त्राचा विचार करताना मांडली होती. युरोपात ती फिबोनाची यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. आकड्यांमधले अंतर वाढत जाते, आणि तेच आपल्याला हवे आहे. काम मोठे, तितका अंदाज ढोबळ. १२ की १३ असा वाद घालण्यात अर्थ नाही.

सहाही जणांनी आपला आकडा चिठ्ठीवर लिहावा आणि चिठ्ठ्या एकाच वेळी उघडाव्यात. कोणी आधी बोलला तर इतर त्याच्यामागे जातात. समजा, एकाने ३ लिहिले आणि दुसरीने १३. दोघांनाही कारण विचारा. तिला बहुधा अशी काही अडचण दिसली असेल, जी इतरांना दिसली नाही. ही चर्चा आकड्याहून मोलाची आहे. आपल्या मुलांनी सर्व यादीला मिळून ६० गुण दिले.

'झाले' म्हणजे काय?

तिसरे काम, 'झाले' ह्या शब्दाचा अर्थ आरंभीच ठरवणे. मुलांनी ठरवले : ताईंनी स्वतःच्या हाताने, अंगणवाडीत बसून, ती सोय वापरून पाहिली आणि ती चालली, तरच ते काम झाले. शाळेच्या संगणकावर चालले म्हणजे झाले नव्हे.

अर्धवट कामाला किती गुण द्यायचे? शून्य. हे कठोर वाटेल, पण त्यामागे अनुभव आहे. 'नव्वद टक्के झाले' असे म्हणत राहिलेले काम कित्येकदा उरलेल्या दहा टक्क्यांसाठी तेवढेच दिवस घेते. भाकरी अर्धी भाजली म्हणून अर्धी भूक भागत नाही.

आता फेऱ्या पाहा. पहिल्या फेरीत ६ गुणांची कामे पूर्ण झाली, दुसरीत ९, तिसरीत ९. एकूण २४. सरासरी एका फेरीला ८ गुण. हा झाला ह्या गटाचा 'वेग'. उरले ३६ गुण. ३६ भागिले ८ बरोबर ४.५, म्हणजे आणखी ५ फेऱ्या. ३ आणि ५ मिळून ८. सुट्टीआधी काम होईल असे दिसते.

पण एकच आकडा सांगून थांबू नका. सर्वांत मंद फेरीत ६ गुण झाले होते. तोच वेग राहिला तर ३६ भागिले ६, म्हणजे ६ फेऱ्या लागतील. सर्वांत जलद फेरीच्या वेगाने ४ लागतील. म्हणून खरे उत्तर असे : बहुधा ५, कमीत कमी ४, जास्तीत जास्त ६. हवामानाचा अंदाज जसा सांगतात, तसा कामाचाही सांगावा. फेऱ्या वाढतील तशा नोंदीही वाढतील आणि अंदाज सुधारत जाईल.

बदल आला!

तिसऱ्या फेरीनंतर मुले अंगणवाडीत गेली. कल्पना करा, एक मुलगा म्हणाला, "ताई, आता हे बटण दाबा, की वजन जतन होईल." ताईंनी दाबले. काहीच झाले नाही. "अरे, इथे रेंज कुठे आहे? रेंज यायला मला टेपावर चढावे लागते," ताई म्हणाल्या. "आणि हे अक्षर मुंगीएवढे आहे बाबा, चष्मा लावूनसुद्धा दिसत नाही."

यादीत तीन नवी कामे आली : रेंज नसतानाही नोंद टिकावी, ८ गुण, मराठी अंक आणि मोठी अक्षरे असावीत, ३ गुण, चुकलेली नोंद खोडता यावी, १ गुण. एकूण १२. एकूण काम ६० चे ७२ झाले. दरम्यान चौथ्या फेरीत मुलांनी ८ गुणांची कामे पूर्ण केली. आता हा तक्ता पाहा.

फेरी १ : पूर्ण ६, एकूण काम ६०, उरले ५४
फेरी २ : पूर्ण १५, एकूण काम ६०, उरले ४५
फेरी ३ : पूर्ण २४, एकूण काम ६०, उरले ३६
फेरी ४ : पूर्ण ३२, एकूण काम ७२, उरले ४०

केवळ 'उरले' ह्या आकड्यांची रेषा काढली, तर ती ५४, ४५, ३६ अशी उतरत येऊन चौथ्या फेरीत ४० वर चढते. पाहणाऱ्याला वाटेल, मुलांनी काम केलेच नाही, उलट बिघडवले! म्हणून दोन रेषा काढाव्यात. एक 'पूर्ण' कामाची : ६, १५, २४, ३२. दुसरी 'एकूण' कामाची : ६०, ६०, ६०, ७२. आता चित्र स्वच्छ झाले. मुले त्याच वेगाने चालली आहेत. गाव मात्र थोडे लांब गेले आहे. पहिल्या प्रकारच्या आलेखाला 'उतरता आलेख' आणि दुसऱ्याला 'चढता आलेख' म्हणू. बदल होण्याचा संभव असेल तेथे चढता आलेख अधिक प्रामाणिक असतो.

मग आता किती फेऱ्या? ४० भागिले ८ बरोबर ५. झालेल्या ४ धरून ९. पण फेऱ्या तर आठच आहेत. उपाय काय?

एक, मुदत एका फेरीने वाढवणे. दोन, ८ गुणांचे काम यादीतून काढणे. धबधब्याचे हलते चित्र बरोबर ८ गुणांचे होते! ते काढले तर ३२ उरतात आणि ३२ भागिले ८ बरोबर ४ फेऱ्या, अगदी वेळेवर. तीन, आणखी मुले घेणे. पण हा उपाय दिसतो तितका सोपा नाही. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएम कंपनीतील मोठ्या प्रकल्पाच्या अनुभवावरून १९७५ साली लिहिले, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात नवी माणसे घातली तर त्याला आणखी उशीर होतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि एकमेकांशी बोलण्याच्या वाटाही वाढतात. सहा जणांत जोड्या १५ होतात. नऊ जणांत ३६! चार, घाईघाईने, चाचणी न घेता उरकणे. हा उपायच नव्हे. चुकीचे वजन दाखवणारी आज्ञावली नसलेली बरी.

कोणता उपाय घ्यायचा हे मुलांनी एकट्याने ठरवायचे नाही. ताईंना विचारायचे. चित्र हवे की रेंजशिवाय नोंद? ताई काय म्हणतील ते तुम्हीच सांगा.

बदल कसा कळवावा?

बदल कळवताना पाच गोष्टी सांगाव्यात. काय बदलले, का बदलले, त्याने काय फरक पडेल, पुढे कोणते पर्याय आहेत, आणि निर्णय कोणी, केव्हापर्यंत घ्यायचा. ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगावे. ताईंना 'आमचा वेग ८ आहे' असे सांगून काही उपयोग नाही. 'ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रेंजशिवाय चालणारी नोंद मिळेल, हलते चित्र मिळणार नाही' असे सांगावे.

वाईट बातमी लवकर सांगावी, हा सर्वांत कठीण नियम आहे. चौथ्या फेरीत सांगितले तर चार पर्याय असतात. आठव्या फेरीत सांगितले तर एकच उरतो : दिलगिरी.

यासाठी चपळ पद्धतीत काही ठरलेल्या भेटी असतात. रोज पंधरा मिनिटे, उभ्याउभ्याच, प्रत्येकाने सांगायचे : काल काय झाले, आज काय करणार, अडचण काय. फेरीच्या शेवटी, तयार झालेले काम वापरणाऱ्यासमोर चालवून दाखवायचे. त्यानंतर आपल्याच कामाच्या रीतीत काय सुधारावे, याचा विचार करायचा.

शिवाय भिंतीवर एक फलक असतो. त्यावर तीन रकाने : 'करायचे', 'चालू', 'झाले'. प्रत्येक काम एका चिठ्ठीवर. काम पुढे सरकले की चिठ्ठी पुढच्या रकान्यात. जपानमधील टोयोटा मोटार कारखान्यात ताइची ओनो यांनी अशा चिठ्ठ्यांची पद्धत बसवली. 'कानबान' हे तिचे नाव. जपानी भाषेत त्याचा अर्थ पाटी किंवा फलक. आज मुंबई-पुण्यातील अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांत भिंतीवर किंवा पडद्यावर असे फलक असतात.

'चालू' रकान्यात फार चिठ्ठ्या ठेवू नयेत. का, ते १९६१ साली जॉन लिटल यांनी सिद्ध केलेल्या नियमावरून कळते. सरासरी लागणारा वेळ म्हणजे हाती असलेली कामे भागिले दर फेरीला पूर्ण होणारी कामे. समजा, एका गटाने १२ कामे एकदम हाती घेतली आणि दर फेरीला ४ पूर्ण होतात. तर प्रत्येक कामाला सरासरी १२ भागिले ४, म्हणजे ३ फेऱ्या लागतील. चारच कामे हाती घेतली आणि वेग तोच राहिला, तर १ फेरी. गिरणीवर एकच चक्की असेल, तर दहा जणांची पोती एकदम उघडून दळण लवकर होत नाही!

मापाचे मालक व्हा, गुलाम नको

मोजमापाचा एक धोकाही आहे. चार्ल्स गुडहार्ट ह्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली मांडलेल्या विचाराचा सारांश असा : जे माप आपण लक्ष्य म्हणून ठरवतो, ते चांगले माप राहत नाही. समजा, गुरुजी म्हणाले, 'ज्या गटाचा वेग जास्त त्याला बक्षीस.' मग काय होईल? ३ गुणांच्या कामाला मुले ५ गुण देऊ लागतील. वेग वाढलेला दिसेल, काम तेवढेच राहील. म्हणून एका गटाच्या वेगाची दुसऱ्या गटाशी तुलना करू नये. वेग हा पुढचा अंदाज बांधण्यासाठी आहे, शाबासकी किंवा शिक्षा देण्यासाठी नाही.

वाढीच्या तक्त्यालाही हेच लागू आहे. कमी वजनाचे टिंब ही कोणाची नामुष्की नव्हे, ती मदतीची हाक आहे. टिंब खाली दिसले म्हणून रागावणारे कोणी असेल, तर टिंबे वर काढली जातील, आणि बाळ मात्र जेथे होते तेथेच राहील. खरे माप तेथेच मिळते, जेथे खरे सांगणाऱ्याला भीती नसते.

चपळ पद्धत सर्वत्र चालते काय?

नाही. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी मध्य वैतरणा धरण बांधले आहे. त्याची उंची शंभर मीटरहून अधिक आहे. असे धरण पाव बांधून, लोकांना विचारून, मग थोडे डावीकडे सरकवता येत नाही. तेथे भूगर्भाचा अभ्यास, आराखडा आणि गणित आधी पूर्ण व्हावे लागते. जेथे बदल अतिशय महाग आहे आणि काय हवे ते आधी नक्की ठाऊक आहे, तेथे पायरीपायरीची रीत योग्य. जेथे काय हवे तेच काम करता करता उमगते आणि बदल स्वस्तात करता येतो, तेथे चपळ रीत योग्य. आज्ञावली बहुधा दुसऱ्या प्रकारात येते, कारण ती माती-दगडाची नसते. तिच्या ओळी बदलता येतात. मात्र हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या यंत्रातील आज्ञावलीला दोन्हींची गरज असते : लहान पावले, आणि प्रत्येक पावलाची कसून चाचणी.

दाभोसाचे कोसळते पाणी पाहायला सुंदर आहे. पण कामाची योजना आखताना आवणी करणाऱ्या शेतकऱ्याची आठवण ठेवा. एक खाचर लावायचे, आकाशाकडे पाहायचे, मग पुढचे.

करून पाहा

१. एका प्रकल्पाचे एकूण ४५ गुण आहेत. पहिल्या तीन फेऱ्यांत अनुक्रमे ५, ४ आणि ६ गुणांची कामे पूर्ण झाली. आणखी किती फेऱ्या लागतील? कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती?

२. त्याच प्रकल्पात चौथ्या फेरीत ५ गुणांची कामे पूर्ण झाली आणि १० गुणांची नवी कामे आली. 'उरले' हा आकडा किती होईल? दोन्ही प्रकारचे आलेख काढा आणि कोणता अधिक खरे सांगतो ते वहीत लिहा.

३. शाळेच्या ग्रंथालयात बांधणीसाठी नेहमी सरासरी १८ पुस्तके पडून असतात आणि दर आठवड्याला ६ बांधून होतात. एक पुस्तक परत मिळायला सरासरी किती आठवडे लागतील?

४. वर्गाच्या पुढच्या विज्ञान प्रदर्शनाची कामे चिठ्ठ्यांवर लिहा. तीन रकान्यांचा फलक भिंतीवर लावा. 'झाले' म्हणजे काय ते सर्वांनी मिळून आधी ठरवा. एका आठवड्याच्या फेऱ्या करा आणि वेग नोंदवा.

उत्तरे : (१) बहुधा ६, कमीत कमी ५, जास्तीत जास्त ८. (२) ३५. आधी ३० होते, म्हणजे उतरता आलेख ५ ने वर चढलेला दिसेल. (३) ३ आठवडे. (४) ह्याचे उत्तर तुमच्या भिंतीवर मिळेल.